तारेवरचा तह

एकाहत्तरच्या हिवाळ्यात जबलपुरात ब्लॅकआउट लागला आणि आमच्या फॅक्टरी क्वार्टरच्या मागच्या अंगणात महायुद्ध पेटलं. झालं एवढंच की खिडकीला लावायला आईनं जुनी चादर काळ्या रंगात बुडवली आणि सामाईक तारेवर टाकली. खालच्या तारेवर शेजारच्या भाभीजींची पांढरीशुभ्र साडी होती. पुढचं सांगायला नकोच.

माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. एका राजपुत्राला गोळी लागते आणि अर्धं जग एकमेकांच्या उरावर बसतं, हे इतिहासाचं गणित काही केल्या डोक्यात शिरेना. बाबा ओव्हरटाइम करून थकून यायचे, पण शिकवायची हौस दांडगी.

"पुस्तक ठेव, मागच्या दारी बघ," ते म्हणाले. "साडी हे निमित्त. खरी धुसफूस नळावरची, जुनी."

मग सगळं फटाफट कळू लागलं. लाइनीतल्या मराठी बायका आईकडून, उरलेल्या भाभीजींकडून, ही मित्रराष्ट्रं. कोपऱ्यावरच्या बंगाली काकू दोन्हीकडे चहा पिऊन यायच्या, त्या अलिप्त. तिकडून विरजण यायचं बंद, इकडून जवळच्या पनागर गावचे मटार जायचे बंद. ही नाकेबंदी.

"एक पाऊल मागं घे ना," बाबा आईला म्हणाले.

"मी काहून घेऊ? पहिले ती बोलेल."

"लिहून घे," बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळे राजे अगदी हेच म्हणाले होते." त्या दिवशी आम्हाला अळणी भाजी मिळाली.

सरहद्दीवरची लढाई थांबली, आमची चालूच. संक्रांतीचा तिळगूळ अख्ख्या लाइनीत गेला, तेवढं एक घर सोडून. पण जबलपुरात आईला मैत्रीण म्हणावी अशा एक भाभीजीच होत्या. दुपारी दोघी एका पायरीवर बसून भाजी निवडायच्या. आता आई एकटीच बसायची, कान भिंतीकडे. मला फार वाईट वाटायचं.

आणि भाभीजींच्या मिस्टरांची कानपूरला बदली झाली.

ट्रक दारात लागला तरी आई अंगणात नुसती उभी. भाभीजी तारेवरून शेवटची मोठी चादर काढत होत्या. एकटीला आवरेना. शेवटी त्या वळल्या. "दीदी, चलो, तह कर लेते हैं।"

हिंदीत तह म्हणजे कपड्याची घडी. आई मात्र तरातरा पुढे गेली. दोघींनी दोन-दोन टोकं धरली. प्रत्येक घडीला एकमेकींजवळ येत गेल्या, आणि शेवटच्या घडीला चादर मध्ये धरूनच रडायला लागल्या. ट्रकवाला हॉर्न वाजवून कंटाळला.

आईच्या हिंदीचा हा किस्सा मी पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात रंगवून सांगितला. अडाण्यासारखी घडीला तह समजली म्हणून सगळे पोट धरून हसायचे, आईसुद्धा हसायची. एकदा मात्र, बाबा गेल्यानंतर, कपडे आवरता आवरता ती म्हणाली, "काय हसून राहिली गं इतकी वर्षं? जबलपुरात जन्म काढला मी. तह म्हणजे घडी, हे मला माहीत नव्हतं?"

"मग?"

"मग काय मग! पहिले ती बोलली ना."

तिनं चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.