बिरदेव डॉक्टरनं गाडी सोडली

भांडगाव ते खुटबाव या पट्ट्यात बिरदेवला ओळखत नाही असा एकही गोठा नव्हता. सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता. बारावीनंतर ट्रेनिंग घेऊन दूध संस्थेत लागला होता आणि गाई भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला, गावोगाव फिरायचा. गाय माजावर आली की निरोप यायचा, आणि निरोप आला की त्याची काळी, शंभर सीसीची गाडी निघायची. माज काही तासांचा. वेळ चुकली की पुढचा माज तीन आठवड्यांनी, आणि तोवर गोठ्यातली बोलणी खायची. म्हणून गाडी हळू चालवणं त्याला माहीतच नव्हतं.

गाडीच्या मागच्या कॅरियरला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी एक ॲल्युमिनियमचं भांडं आवळलेलं असायचं. दुधाच्या कॅनपेक्षा लहान, पण नाजूक. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव अंशांचा, आणि त्यात बुडवलेल्या वीर्याच्या बारीक कांड्या. झाकण उघडलं की पांढरा धूर काठावरून ओघळून जमिनीवर पसरायचा. गोठ्यातली पोरं त्यात हात घालायला धावायची आणि बिरदेव ओरडायचा, "ए, बोटं गळत्याल!"

त्याचे वडील मल्हारी, गावाचे आबा, जन्मभर मेंढरांमागं चालले. बिरदेव हा त्या घरातला पहिला मोटरसायकलवाला. आबा गाडीवर कधी बसले नाहीत. "माझ्या ढुंगणाखालनं रस्ता पळतोय, ते मला पटत न्हाई," म्हणायचे.

अठ्ठ्याण्णवच्या गळीत हंगामात, सकाळी नऊच्या सुमारास, बिरदेव खुटबावच्या रस्त्यानं निघाला होता. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालला होता. कालव्याच्या पुलाजवळ ट्रॉलीतला ऊस रस्त्यावर सांडला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांनी त्याचा चिकट लगदा झाला होता. बिरदेवनं ओव्हरटेकला गाडी बाहेर काढली. समोरून टेम्पो येताना दिसला. त्यानं पुढचा ब्रेक दाबला, तोही त्या लगद्यावर.

पुढचं चाक त्याच्या खालून कुणी ओढून घ्यावं तसं गेलं.

तो पडला तेव्हा दुखलं नाही. गाडी डाव्या पायावर आडवी, टेम्पो दोन हातांवर करकचून थांबलेला. तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला तेव्हा तो पहिल्यांदा किंचाळला. आणि त्याच वेळी भांड्याचं बूच निघालं.

पांढरा धूर भसाभसा रस्त्यावर पसरला. पुलाच्या कडेला चहाच्या टपरीवर दहा-पंधरा माणसं होती. ती धावत आली. बिरदेवला त्यांचे पाय दिसले, चपला दिसल्या. आणि मग कुणीतरी ओरडलं, "गॅस! गॅस सुटला! पळा!"

कुरकुंभकडं जाणारे केमिकलचे टँकर त्या भागातल्या माणसांनी रोज बघितलेले. गॅस म्हणजे काय होऊ शकतं याच्या गोष्टी टपरीवर रोज रंगायच्या. चपला मागं फिरल्या. टेम्पोवाल्यानं गाडी रिव्हर्स घेतली. टपरीवाल्यानं स्टोव्ह विझवला आणि तोही पळाला.

"अरं, गार हाय नुसतं!" बिरदेव ओरडला. "काय व्हत न्हाई! या की!"

कुणी आलं नाही. तोंडाला टॉवेल लावून सगळे लांब उभे राहिले. धुराच्या वर त्यांची डोकी तेवढी दिसत होती. एका बाजूला सायलेन्सर पोटरी भाजत होता, दुसऱ्या बाजूनं नायट्रोजनची धार डांबरावर उड्या मारत त्याच्या तळहाताखाली आली आणि हातही भाजला, गारठ्यानं. मागून ट्रक आला तर? धुरात त्याला काय दिसणार? बिरदेवनं मान वळवायचा प्रयत्न केला. वळेना. एवढ्या माणसांच्या देखत आपण इथंच मरणार, असं त्याला स्वच्छ कळलं.

"बाजूला सरका!" एक बाईचा आवाज आला. "गॅस कुठला आलाय, मुडद्यांनो! ह्यो आमच्या गाईचा धूर हाय! डॉक्टर हायत खाली!"

ती अनसाबाई. कालव्यालगतच्या वस्तीवर एकटी राहणारी, एका गाईची मालकीण. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा टाकून ती सरळ धुरात घुसली, खाली बसली आणि गाडीचं हँडल दोन्ही हातांनी उचलू लागली. ती शिरली आणि मेली नाही, हे बघून मग बाकीचे आले.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. दौंडला प्लॅस्टर झालं. मग महिनाभर भेटायला येणाऱ्यांची रांग. हातात बिस्किटाचा पुडा, तोंडात कुणाच्या तरी अपघाताची गोष्ट. पाटसचा कोण ट्रॅक्टरखाली गेला, शिरूरचा कोण लग्नपत्रिका वाटता वाटता. "डोकं असं फुटलं व्हतं बघा डॉक्टर, जसा नारळ," असं सांगून माणूस चहा पिऊन जायचा. बिरदेव मान डोलवायचा. पाहुणा गेला की त्याच्या तळहाताला घाम सुटायचा आणि नव्या कातडीला झोंबायचा. झोपेत त्याला धूर दिसायचा, आणि धुरावरची डोकी.

प्लॅस्टर निघालं. पाय चालू लागला. संस्थेचे चेअरमन हौसराव आप्पा स्वतः घरी आले. त्यांचा आवाज मुळातच सभेत बोलल्यासारखा.

"डॉक्टर, पाटसचा तो नवा पोरगा येतोय आमच्याकडं. हाताला गुण न्हाई त्याच्या. निम्म्या गाई उलटल्या, परत माजावर आल्या. कवा निघताय?"

"सोमवारपासनं आप्पा."

सोमवारी क्लच वायर तुटली, असं बिरदेवनं सांगितलं. मग पेट्रोल नाही. मग पाय ठणकतोय. गाडी अंगणात लिंबाखाली उभी होती, दुरुस्त करून आणलेली. रोज सकाळी तो तिच्याजवळ जायचा. किक मारायचा. इंजिन पहिल्याच किकला सुरू व्हायचं. आवाज छातीत शिरायचा. तो इंजिन बंद करायचा आणि फडक्यानं टाकी पुसत बसायचा.

प्रतिभा, त्याची बायको, चुलीपुढून हे बघायची. एकदा ती म्हणाली, "टाकीचा रंग निघंल आता."

"धूळ बसतीय."

"व्हय. बसायचीच. चालवली न्हाई की बसती."



शेवटी हौसराव आप्पांचाच निरोप आला. त्यांची मोठी गाय, अठरा लिटरची, माजावर होती. नाही म्हणायला जागा नव्हती. बिरदेवनं नवं भांडं आवळलं, पट्ट्या तीनदा ओढून बघितल्या आणि निघाला. गावाबाहेर पडेपर्यंत पहिल्या गिअरवर. दुसरा टाकला तेव्हा दात एकमेकांवर बसले. मागून ट्रकचा हॉर्न वाजला. त्याच्या पाठीला एकदम थंड लागलं. आपल्या मागं भांडं फुटलंय, धार पाठीवरून उतरतीय, असं खरोखर वाटलं. त्यानं गाडी कडेला घेतली. शर्ट चाचपला. कोरडा होता. ट्रक कधीच पुढं निघून गेला होता.

त्यानं चावी काढून खिशात टाकली आणि गाडी ढकलत चालू लागला.

हौसरावांच्या वाड्यावर तो घामानं भिजून पोचला. "पंक्चर?" आप्पांनी विचारलं.

"व्हय."

"नशीब बघा की," आप्पा म्हणाले. गाय भरली.  डावा हात कोपराच्या वर गाईच्या आत, उबदार, आणि बोटांना जे शोधायचं ते बरोबर सापडलं. काम झालं, हातमोजा निघाला, आणि बिरदेवला आठवलं की आता परत जायचंय.

तो तसाच ढकलत निघाला. कालव्याच्या पुलावर आला तेव्हा ऊन टळलं होतं. जिथं पडला होता ती जागा त्यानं रस्त्याच्या अगदी उजव्या कडेनं पार केली, तिच्याकडं न बघता. अनसाबाई वस्तीसमोर शेळीला पाला टाकत होती.

"डॉक्टर! ढकलत का निघालाय?"

"पंक्चर झालं मावशी."

ती जवळ आली. तिनं मागच्या टायरवर अंगठा दाबला. मग पुढच्यावर. दोन्हीत हवा दगडासारखी होती.  तिनं आत जाऊन तांब्या भरून पाणी आणलं. बिरदेवनं तो उभ्या उभ्या रिकामा केला.

"मावशी," तो म्हणाला.  "मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"गाडीचं. सगळ्याचं. बसलो की वाटतं, पडणार. आन् पडलो की मान्सं लांबच उभी ऱ्हात्याल."

अनसाबाईनं तांब्या परत घेतला. "मला बी वाटलं व्हतं त्या दिवशी," ती म्हणाली. "मी काय गॅस बघितलाय का कधी? म्हटलं, गाईचाच धूर असावा. नसला तर नसला."

बिरदेव तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. इतके दिवस तो समजत होता की तिला पक्कं माहीत होतं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं घरात सांगितलं. "मी गाडी चालवणार न्हाई. आज न्हाई, उद्या न्हाई. कवाच न्हाई."

प्रतिभाचा हात भाकरीवर थांबला. "आन् गाई?"

 पाटसचा पोरगा सगळा पट्टा घेऊन जाणार, संस्था काढून टाकणार, हे त्याला दिसत होतं. आणि तरीही किल्लीला हात लावायला मन धजत नव्हतं. एका बाजूला पोटाचा धंदा आणि दुसऱ्या बाजूला ते धुरावरचं डोक्यांचं कुंपण.

आबा ताटात कालवण ओतून घेत म्हणाले, "मला एक कळत न्हाई. गाईला पाय चार. तुला दोन. त्यातला बी एक मोडका. आन् ती बसून ऱ्हाती आन् तू पळतोस?"

"आबा, लोकं सवयीला लागल्यात. दारात डॉक्टर येतो."

"मी उभी हयात मेंढरं चालवली. चाललं म्हणून जनावर मेलेलं बघितलं न्हाई मी."

भांडगावातल्या संस्थेच्या शेडमागं एक लोखंडी खोडा होता. गाय त्यात उभी करायची आणि मागून आडवा दांडा लावायचा. पूर्वी गाई तिथंच यायच्या. बिरदेव गाडीवर फिरू लागल्यावर त्याच्यात शेवाळ आणि घाणेरी माजली होती. दुसऱ्या दिवशी तो हौसरावांपुढं उभा राहिला.

"आप्पा, काल पंक्चर न्हवतं झालं."

"मंग?"

"भ्यालो. इथनं पुढं मी खोड्याशी बसणार. ज्याला पाहिजे त्यानं गाय आणावी."

आप्पा मोठ्यानं हसले. शेडमधले दूध घालायला आलेले सगळे वळून बघू लागले. "बाप्या मानूस आन् भ्यालो म्हणतोय! अहो डॉक्टर, मी तीन येळा पडलोय. परत बसलं की भीती मोडती."

"माझी न्हाई मोडत आप्पा."

"कोन आणंल एवढ्या लांबनं गाय?"

"ते मला बी ठाव न्हाई."

"महिना देतो," आप्पा म्हणाले. हसणं थांबलं होतं. "मंग पाटसच्या पोराला सांगायला लागंल."

बिरदेवनं घाणेरी उपटली, दांड्याला ग्रीस लावलं, भांडं सावलीत ठेवलं आणि बसला. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. नायट्रोजन आपोआप उडत होता. काठीनं पातळी मोजायची आणि ती रोज उतरलेली दिसायची. रस्त्यावरून पाटसच्या पोराची लाल गाडी जायची आणि तो मुद्दाम हॉर्न द्यायचा. बिरदेव दर वेळी दचकायचा. आठवड्यानं त्याला रात्री झोप येईनाशी झाली. आता भीती दोन होत्या, एक गाडीची, एक रिकाम्या रस्त्याची, आणि दुसरीला ब्रेकही नव्हता.

एका सकाळी खुटबावच्या रस्त्यानं शिव्या ऐकू आल्या. आधी शिव्या, मग गाय, मग अनसाबाई.

"चल की भवाने! डॉक्टरला गाडी नको झालीय, तर माझ्या पायाचं वाटोळं!" ती खोड्याशी येऊन धापा टाकत थांबली. "कालव्यावर इचारलं समद्यांनी, कुठं निघालीस गाय घिऊन. सांगितलं, डॉक्टरकडं. म्हणाले, तो भ्यालाय म्हणं. म्हटलं, व्हय. तुमी कुठं न्हवता भ्यालात?"

बिरदेवनं गाय खोड्यात घेतली. झाकण उघडलं. पांढरा धूर काठावरून उतरून त्याच्या चपलांवर आला आणि तो अर्धं पाऊल मागं सरकला. अनसाबाई तिथंच उभी राहिली, धुरात, गाईच्या पाठीवर हात ठेवून. त्यानं कांडी उचलली, कोमट पाण्यात सोडली, भरवायच्या गनला लावली. रस्त्यावरून लाल गाडी हॉर्न देत गेली. काळीज उडालं. आतला हात हलला नाही.

त्या आठवड्यात आणखी दोन गाई आल्या. पुढच्या आठवड्यात चार, त्यातली एक भांडगावचीच, दोन घरांपलीकडची. महिना संपायला आला तसा बिरदेव खुटबावच्या रस्त्याकडं बघत बसू लागला. अनसाबाईची गाय उलटली असती तर आता परत आली असती. ती दिसू नये असं त्याला वाटायचं, आणि रस्ता रिकामा दिसला की वाटायचं, आता कुणीच गाय आणणार नाही. रिकाम्या रस्त्याची भीती त्याची अजून गेली नव्हती.

अनसाबाई आली नाही. आले ते हौसराव आप्पा, अठरा लिटरची ती गाय दाव्याला धरून, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. बिरदेव गाडी ढकलत गेला होता त्या दिवशी भरलेली ही गाय उलटली होती.

"काय बघताय?" ते म्हणाले. "दार उघडा खोड्याचं. ही कालव्याच्या पुलावर बुजली. मला फरपटत नेलं शंभर पावलं. मेलोच असतो मी."

"परत चालवली की भीती मोडती आप्पा," बिरदेव म्हणाला आणि दांडा बाजूला घेतला.