निळ्याची तडीपारी

भांडणाला आमच्या साडूंइतका भिणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा मिळायचा नाही. बाजारात दोन कोळणींचे आवाज चढले, की हे मासळी न घेताच घरी परततात. रोह्याच्या कंपनीत जन्मभर शिफ्ट केल्या, पण मिटिंगमध्ये कुणी टेबलावर हात आपटला की यांना नेमका कुठलातरी पंप बघायला जायचं आठवायचं. टीव्हीवरच्या चर्चासुद्धा ते आवाज बंद करून बघतात. अशा माणसाने निवृत्तीनंतर शांत छंद म्हणून खाऱ्या पाण्यातले मासे पाळावेत आणि ते भांडकुदळ निघावेत, याला नशीबच म्हणायचं.

टाकी जेमतेम दोन हात लांब. तिचं पाणी किती खारट झालं हे मोजायची एक काचेची नळी साडू सदैव खिशात बाळगतात. एकदा त्यांनी ती स्वयंपाकघरात जाऊन आमटीत बुडवली आणि मुकाट्याने मान हलवली. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, जिला आम्ही ताई म्हणतो, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

या टाकीत पिवळ्या शेपटीचा, अंगठ्याएवढा एक निळा मासा होता. तो सगळ्यांत आधी आला होता, त्यामुळे टाकी आपल्या बापाची आहे असा त्याचा समज होता. नवा मासा सोडला की हा त्याचे पर कुरतडून त्याला कोपऱ्यात बसवायचा. साडूंनी काचेला आरसा लावून पाहिला. निळा स्वतःशीच भांडून दमायचा आणि दाणे खाऊन पुन्हा ताजा व्हायचा. शेवटी मुंबईच्या दुकानदाराने उपाय सांगितला. निळ्याला भोकं पाडलेल्या डबीत घालून टाकीतच टांगायचं, आतले सगळे दगड हलवायचे, नव्यांना आठ दिवस रुळू द्यायचं आणि मग त्याला सोडायचं. आमच्याकडे शेताचा बांध हातभर सरकला तर तीन पिढ्या कोर्टात जातात. टाकीत मात्र उलटंच झालं. तडीपारी भोगून आलेल्या निळ्याला स्वतःचं घर सापडेना, आणि तोच पाहुण्यासारखा बिचकत फिरू लागला. साडूंनी मला पेणला फोन केला. "साडूभाऊ, शेजारून गेला तो. नुसता गेला. काय बोलला नाय."

त्यांना झालेला आनंद माशांपुरता नव्हता. थोरली सून आणि ताई यांचं स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून बिनसलं होतं, आणि थोरला मुलगा बायकोला घेऊन पनवेलला राहायला गेला होता. गणपतीत येतो, आरती म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघतो. आता धाकट्याचं लग्न झालं होतं. हाही गेला तर घरात आपण दोघं आणि मासेच उरू, ही धास्ती साडूंनी घेतली होती.

म्हणून लग्नाच्या पाहुण्यांची पाठ फिरताच त्यांनी ताईंना पेणच्या रामवाडीला आमच्याकडे पाठवलं. कारण काय, तर धाकट्या बहिणीला पापड लाटायला मदत हवी. पेणमध्ये राहून पापड कोण घरी लाटतं? पण साडूंच्या शब्दाखातर माझ्या बायकोने बिचारीने आठ दिवस लाटले. ताई लाटण्यावर राग काढत म्हणायच्या, "तिकडं दूध उतू जात असंल माझं."

आठ दिवसांनी मीच त्यांना पोचवायला निघालो. रोह्याच्या अलीकडचं निडी स्टेशन गेलं तशी ताईंनी पदराची गाठ सोडून किल्ल्या हातात घेतल्या. घरी पोचल्यावर त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. चहाच्या फडताळात ताटं होती. ताटांच्या जागी डाळी होत्या. साडू आमच्याकडे पाठ करून, भरल्या पोटाच्या माशांना दाणे घालत उभे होते.

ताईंनी एकेक डबा उघडून पाहिला. मग ताईंचा आवाज आला, जरा हळूच. "साखर कुठं ठेवलीस गो?"

"मलाच सापडत नाय आई," नवी सून रडवेली होऊन म्हणाली. "बाबांनी सगळं हलवलंय. सकाळपास्नं बिनसाखरेचा चहा पितोय आम्ही."

दोघी मिळून शोधू लागल्या. साखर सापडली ती मिठाच्या डब्यामागे, आणि आतून हसू ऐकू आलं. माझा जीव भांड्यात पडला. ताई बाहेर आल्या नि साडूंच्या पाठीला म्हणाल्या, "मला निळा मासा समजलात व्हय?"

"नाय गो," साडू न वळता म्हणाले. "तो एवढ्या लवकर सुधारला नव्हता."

संध्याकाळी मला स्टेशनवर सोडायला म्हणून साडू चपला घालत होते, तेव्हा आत ताई फोनवर बोलत होत्या. "तुझ्या सासऱ्यानं माझं स्वयंपाकघर उलटंपालटं केलंय बघ. धाकटी नवीन, तिला काय ठाऊक? तू येऊन लावून दे. कुठं काय ठेवायचं ते तूच ठरव." हा फोन पनवेलला होता. साडूंचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर, तसेच ते थांबले. माझ्या गाडीची वेळ झाली होती, पण मीही हललो नाही.

"रविवारी येतायत दोघं," ताईंनी आतून सांगितलं. "राहायला."

साडूंनी माझा हात धरला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. वाटेत ते एकदाच बोलले. "थोरल्याची खोली झाडून घ्यायला पायजे."