वैऱ्याच्या बाजूची साक्ष

कडुबाला विश्वजीत आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिकत ऐकून लोक कडुबाला संत करायला बघतात आणि त्याला त्याचा फार राग येतो.

दोघंही शेंद्र्याचे. विश्वजीतचे वडील तात्यासाहेब गावचे पाटील, मोठे जमीनवाले. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली, पोराला एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली आणि त्यानं शहरात पुंडलिकनगरला घर बांधलं. कडुबाच्या आईनं त्याच जमिनीत जन्मभर खुरपं चालवलं होतं. तिच्या वाट्याला काही आलं नाही. कडुबा पुढं त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, लागला. शेत गेलं तरी मालक आणि मजूर तेच राहिले, फक्त डोक्यावर पत्र्याचं छप्पर आलं.

विश्वजीत त्याला नावानं हाक मारायचा नाही. कडुबा बौद्ध, म्हणून "ए विहार" म्हणायचा. एका बुद्धपौर्णिमेला कडुबाची बायको गीताबाई हिनं खीर करून दिली. कडुबानं ती जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाटली. विश्वजीतनं आपली वाटी घेतली, सगळ्यांदेखत गेटपर्यंत चालत गेला आणि तिथल्या कुत्र्यापुढं ओतली. परत येऊन म्हणाला, "त्यालाबी पुण्य लागू दे." दोघं-तिघं हसले. त्या दुपारी कडुबाच्या हातून प्रेसवरचे जॉब, म्हणजे कापायचे तुकडे, एकामागून एक खराब गेले.

कडुबाच्या घरात रोज सकाळी वंदना होते. रविवारी वस्तीतल्या विहारात भन्ते मैत्रीभावना घ्यायचे. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आपल्या माणसांचं, मग आपल्याला छळणाऱ्याचं. पहिली दोन कडुबा नीट करायचा. तिसऱ्याची वेळ आली की उठून चपला शोधायला लागायचा. "भन्तेजी, त्याचं नाव घेतलं की दातच आवळत्यात," असं त्यानं एकदा सांगूनही टाकलं. भन्ते म्हणाले, "मग निदान त्याचं वाईट करू नका. तेवढं तर हातात आहे." कडुबाला ते उत्तर काही खास वाटलं नाही.

गेल्या मे महिन्यात ते झालं. प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत असेल तर मशीन खाली येत नाही. तो सेन्सर बिघडला होता आणि मशीन सारखी थांबत होती. कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. हात तेलकट होते म्हणून विश्वजीतनं फोन स्पीकरवर टाकला. शेजारी एकटा कडुबा उभा होता.

"साहेब, सेन्सर काढून चालवली तर कुणाचा तरी हात जाईल," विश्वजीत म्हणाला.

"माल न्यायला गाडी उभी आहे. काढा आणि चालवा. मी सांगतोय ना?"

सेन्सर निघाला. विश्वजीतनं कडुबाला खूण केली. "बस."

"मी नाय बसणार."

"का रे? तुमचा बुद्ध वाचवत नाय का?"

"सेन्सर बसवा, मंग बसतो."

विश्वजीतनं त्याला आईवरून शिवी दिली, ढकलून बाजूला केलं आणि स्वतःच मशीनवर बसला. "बघ, अशी चालवत्यात." थोडे जॉब निघाले. मग मशीन खाली आली तेव्हा हात आतच होता. उजव्या हाताची चार बोटं गेली.

कडुबानं अंगातला शर्ट काढून तो हात बांधला. चिकलठाण्याच्या एका दवाखान्यात पोचेपर्यंत विश्वजीतचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्या वेळी मनात करुणा वगैरे काही नव्हती, असं कडुबा स्वतः सांगतो. "मला वाटत व्हतं, बरं झालं. पर हात घट्ट दाबून धरला व्हता."

दवाखान्यात तात्यासाहेब धावत आले. रक्तानं माखलेला, उघड्या अंगाचा कडुबा समोर दिसला तशी त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. "तूच बटन दाबलं असशील. तुमची जातच तसली!" कडुबा तसाच उघडा बाहेर पडला आणि जालना रोडला लागला. रिक्षावाले त्याला बघून थांबत नव्हते.

सरकारी निरीक्षक चौकशीला येणार होते. आदल्या दिवशी एचआरच्या मोनिका मॅडमनी त्याला बोलावून चहा दिला.

"तुम्हाला खोटं काहीच बोलायचं नाहीये. विश्वजीतनं सेन्सर काढला, तुम्हाला बळजबरी केली, शिवी दिली. खरंय ना हे?"

"खरंय."

"मग तेवढंच सांगा. फोनचं काढू नका. असा फोनच झाला नाही, असं साहेब म्हणतात." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "ठेकेदाराकडं किती दिवस काढणार? तुम्हाला कायम करायचं बघतेय मी."

घरी गीताबाईनं ते ऐकलं आणि तिला त्यात अडचण कुठं आहे तेच कळेना. "कायम करत्यात ना? मंग गप बसा. गप बसणं म्हंजी काय खोटं बोलणं नाय."

"बोललेलं सगळं खरं आसंल, पर ऐकणाऱ्याच्या ध्यानात खोटंच बसंल. सगळा दोष त्याच्यावर जाईल."

"जाऊ द्या की! माझी खीर कुत्र्याला घातली त्यानं. त्याच्या बापानं तुमाला मारलं. आन् त्याच्यापायी तुमी आपल्या पोटावर पाय देणार?"

"त्याच्यापायी नाय."

"मंग कुणापायी?"

कडुबा उठून हात धुवायला गेला. ती ताट आपटून आत गेली.

चौकशीत त्यानं सगळं सांगितलं. विश्वजीतला कुठं झाकलं नाही. "मला शिवी दिली, ढकललं, तेबी लिहा," म्हणाला. "आन् फोनवर मोठे सायेब काय म्हणले, तेबी लिहा." मोनिका मॅडम तेव्हापासून त्याच्याकडं बघेनाशा झाल्या.

दोष कंपनीवर आला, विश्वजीतला भरपाई मिळाली. कडुबाचा गेटपास लगेच बंद झाला. ठेकेदार म्हणाला, काम कमी झालंय. वस्तीत काहीजण त्याला पाटलाचा चमचा म्हणायला लागले. तात्यासाहेबांनी गावात सांगितलं, "त्याचं कंपनीशी वाकडं असणार, म्हणून बोलला." कडुबानं भाड्याची रिक्षा धरली.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी क्रांती चौकात एक माणूस मागं बसला. "पुंडलिकनगर." आवाज ऐकून कडुबानं आरशात बघितलं. विश्वजीतच होता. हाताचं पुन्हा ऑपरेशन झालेलं, कोपरापर्यंत बँडेज. त्यानंही ओळखलं. उतरला मात्र नाही. कडुबानं रिक्षा मोंढा नाक्याकडं काढली.

मग विश्वजीत म्हणाला, "मी तुला साक्ष दे म्हणलो नव्हतो."

"नव्हते म्हणले."

"मंग मी उपकार मानायचा नाय."

"मानू नका. मला तुमी तवाबी पटत नव्हते, आताबी नाय पटत."

"मंग बोललास कशाला?"

"फोन आला व्हता म्हणून."

पुढचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदलेला होता. विश्वजीतनं बँडेजचा हात छातीशी धरला. कडुबानं गिअर उतरवला, एकेक खड्डा चुकवत रिक्षा नेली आणि त्याच्या घरापुढं उभी केली. विश्वजीत भाडं सीटवर टाकून उतरला आणि मागं न बघता फाटक लोटून आत गेला.

घरी जेवताना कडुबानं गीताबाईला सांगितलं. "लई मनात आलं व्हतं, खड्ड्यातनं जोरात घालावी. कळलं आसतं त्याला."

"घातली?"

"नाय. सावकाश नेली."

"मी आसते तर घातली आसती," गीताबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली. ती गंमत करत नव्हती.