करवतीने सुरुवात

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना सुईवाल्या ताई म्हणत. तीस वर्षं दंडाला पट्टा बांधून, "मूठ आवळा, इकडे बघू नका" असं दटावून त्यांनी निम्म्या वस्तीचं रक्त काढलं होतं. रिपोर्ट हातात पडला की माणसं कागद सोडून ताईंच्या तोंडाकडे बघत. ताईंचं उत्तर ठरलेलं असे. "आकडा माझा. अर्थ डॉक्टर लावतील." एवढं बोलून त्या पुढच्या सुईचं पाकीट फोडत.

घरच्यांच्या बाबतीत मात्र अर्थ लावायची त्यांना दांडगी हौस होती. चार वर्षांपूर्वी आई धाकट्या भावाकडे असताना तिच्या पायांवर सूज आली. भाऊ सुतार, साधा माणूस. उतरेल आज, उतरेल उद्या, असं म्हणण्यात त्याचे सहा दिवस गेले. ताई पोचल्या तेव्हा मूत्रपिंडांनी राम म्हटला होता. आई गेली, आणि तेराव्याला चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात ताई भावाला म्हणाल्या, "सहा दिवस डोळ्यांसमोर दिसत होतं आणि तू नुसता बसून राहिलास." त्यानंतर दोघांत अबोला. घरं बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर होती, पण चार वर्षांत कुणी त्या बसमध्ये चढलं नाही.

राहिला होता तो फक्त खेळ. रोज सकाळी फोनवर एक नवा चार अक्षरी शब्द यायचा, तो सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर नेमक्या जागी बसलं की चौकोन हिरवा, भलत्या जागी पडलं तर पिवळा, शब्दात नसलंच तर करडा. मग प्रत्येकाने आपापल्या चौकोनांची चळत मामेभावंडांच्या ग्रुपवर टाकायची. बहीणभाऊ दोघंही रोज टाकत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. पण सातच्या सुमाराला भावाचे चौकोन आल्याशिवाय ताईंच्या घशाखाली चहा उतरत नसे. हे विचारलं असतं तर त्यांनी साफ नाकारलं असतं.

एकदा मामेभावाने ग्रुपवर विचारलं होतं, पहिला शब्द कोण कोणता घालतं? सुताराने लिहिलं, "आपण रोज करवतीने सुरुवात करतो. आधी लाकूड कापल्याशिवाय काम पुढं जातं का?" तेव्हापासून ताईंना एक चाळाच लागला. आजचा शब्द कळला की भावाची पहिली ओळ कशी असणार ते त्या आधीच मनात मांडत, आणि ती कधी चुकत नसे.

एका सोमवारी चुकली. शब्द होता 'परवड'. 'करवत' घातलं तर मधले दोन चौकोन हिरवे यायलाच हवेत, आणि भावाची पहिली ओळ अख्खी करडी. मंगळवारीही जुळेना, बुधवारीही नाही. शिवाय पूर्वी चौथ्या प्रयत्नात सुटणारं कोडं सहाव्यालाही सुटेना. हा खेळणारा आपला भाऊ नव्हे, एवढं ताईंना स्वच्छ दिसलं. पण फोन कुणी करायचा? माझंच अडलंय का, असं पुटपुटत त्या रोज कामावर गेल्या आणि लोकांच्या मुठी आवळवत राहिल्या.

पुढच्या मंगळवारी, नवव्या दिवशी, त्यांनी फोन केला. भावजयीने उचलला आणि बातमीच्या आधी खुलासाच केला. "ताई, तासाच्या आत दवाखान्यात नेलं होतं हो आम्ही! जराही उशीर नाही केला."

"कशाला नेलं होतं?"

"अर्धांगाचा झटका आला ह्यांना. उजवा हात उचलत नाही. बोलणं तर गेलंच. काही विचारा, एकच म्हणतात, असू दे. पाणी देऊ? असू दे. दिवा मालवू? असू दे."

"मग ते चौकोन?"

"मीच टाकते, सुचेल ते घालून. सात वाजले की फोन माझ्या अंगावर ढकलतात. पाठवेपर्यंत स्वस्थ बसू देत नाहीत."

ताईंनी रजा टाकली आणि बस पकडली.

भाऊ खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता. दाढी वाढलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. ताई शेजारी बसल्या. त्यांनी आपला फोन काढून त्या दिवशीचं कोरं कोडं त्याच्यापुढे धरलं. तो बघत राहिला. मग डावा हात हळूहळू उचलून त्याने हवेत पुढे-मागे, पुढे-मागे ओढला. ताईंनी 'करवत' घातलं. चारही चौकोन करडे. भाऊ वाकड्या तोंडाने हसला.

ताईंना रडू आलं, आणि त्यांनी ते दाबलं नाही. "ऐक," त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं. आठ दिवस डोळ्यांसमोर दिसत होतं आणि मी नुसती बसून राहिले. तुला सहा दिवसांसाठी बोलले होते मी."

"असू दे," भाऊ म्हणाला.

"ते सगळ्यालाच असं म्हणतात हो," भावजय दारातून घाईने म्हणाली.

ताईंनी मान हलवली. प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं कुणाला अर्थ सांगितला नव्हता. भावाचा पडलेला उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, आणि ह्या वेळी अर्थ आपला आपण लावला.