स्वच्छतागृहाचं दार

घर विट्याजवळ होतं, एका निवृत्त सुभेदारांचं. त्यांची आई चाकाच्या खुर्चीवर असायची, म्हणून त्यांनी मला पहिल्याच भेटीत एक गोष्ट बजावली होती: आईच्या खोलीतून स्वच्छतागृहात खुर्ची सरळ गेली पाहिजे. नकाशात मी ते दार तीन फुटांचं काढलं.

दारं-खिडक्यांच्या मापांचा तक्ता वेगळ्या कागदावर असतो. तो मी आधीच्या एका घराच्या फाइलमधून उचलला आणि घाईत त्या दाराचं माप बदलायचं राहून गेलं. नकाशात तीन फूट, तक्त्यात सव्वादोन. सुतार चौकटी करतो त्या तक्ता बघून. आमच्या सुतार मिस्त्रींनी ती सव्वादोनचीच केली.

फरशी बसली, रंग झाला, मंडळी राहायला आली. आणि खुर्ची दारात अडकली.

सुभेदारांचा फोन आला तेव्हा मी इस्लामपूरच्या ऑफिसात होते. निघण्याआधी फाइल उघडली. चूक माझीच आहे, हे मला तिथंच कळलं होतं.

मी पोचले तर सुभेदार नकाशा पसरून उभे होते, शेजारी मिस्त्री. साठीतला माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. सुभेदारांनी नकाशावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मिस्त्री म्हणाले, "माझ्या कागदावर सव्वादोनच व्हतं." तो कागद केव्हाच लाकडाच्या भुशात गेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही, तेव्हा हळूच म्हणाले, "म्हंजे, तसं वाचल्यासारखं वाटतंय."

"चूक कुणाची ते आता राहू द्या," मी म्हणाले, "चौकट बदलून घेऊ."

सुभेदारांना तो माझा मोठेपणा वाटला.

भिंत फोडून नवी चौकट बसेपर्यंत आठ दिवस गेले. तेवढे दिवस आईंची अंघोळ मागच्या पडवीत, चादरीच्या आडोशाला झाली.

पुढच्या कामावर तेच मिस्त्री होते. आता ते प्रत्येक मापासाठी फोन करायचे. "मॅडम, एकदा वाचून दावा. माझं डोळं आता भरवशाचं न्हाईत." डॉक्टरांना दाखवून नवा चष्मा आणला होता, तरी मापं सुनेकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. चाळीस वर्षं कागद वाचणारा माणूस. एक दिवस ते मला साधा पाचाचा आकडा विचारायला लागले आणि मला राहवेना. त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात जाऊन सगळं सांगितलं.

त्यांनी रंधा बाजूला ठेवला. लाकडावरचा भुसा हातानं झटकला. मग म्हणाले, "सुभेदारांना सांगितलंसा का?"

"नाही."

"मग आदी तिकडं जावा. मला मागनं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

मी त्याच दुपारी विट्याला गेले. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या धाकट्या भावाचं घर शेजारीच उभं राहत होतं आणि सुतारकाम दुसऱ्याच माणसाकडे गेलं होतं.

"आमी तुमच्या मिस्त्रींना सांगावाबी धाडला न्हाई," ते म्हणाले. "आता चौकटी बसल्या."

आई आतल्या खोलीत होत्या. त्यांना भेटून जा, असं सुभेदार म्हणाले. मी गेले नाही.