आईंची झाडलोट आणि घुबडांचं जोडपं

माझ्या सासूबाईंना पसाऱ्याचं वावडं. चहाचा कप खाली ठेवायचा अवकाश, विसळून पालथा घातलाच! माझं शिलाई मशीन खिडकीजवळच्या कोपऱ्यात. भोवती चिंध्या, अर्धवट झगे, धाग्यांचा गुंता. तो कोपरा त्यांच्या डोळ्यांत सारखा खुपायचा. मी दळण आणायला गेले की सगळं गुंडाळून कपाटात. मग बसा बाही शोधत! अस्सा राग यायचा.

आईंची नोकरीही तसलीच, जंगलखात्यात झुडपं काढायची. तिथल्या एका म्हाताऱ्या झाडाच्या ढोलीत घुबडांचं जोडपं दरवर्षी पिल्लं काढायचं. आईंचा त्यांच्यावर भारी जीव. सुनेचं कौतुक कधी तोंडून निघालं नाही, पण "आज माझ्याकडे मान वळवून बघितलं त्याने!" हे रोज.

खात्यातल्या साहेबांनी बजावलं होतं, ढोलीच्या झाडाला हात लावू नका. आईंनी नाही लावला. पण घुबडांचं घर लख्ख दिसावं म्हणून शेजारच्या झाडांवरच्या वेली उतरवल्या, झुडपं काढली, जागा अंगणासारखी झाडून घेतली. घुबडं निघून गेली.

मी डबा द्यायला गेले, तर आई खोडाला टेकून बसलेल्या. "ढोली तर तशीच आहे गं. मग का गेली?"

"दिवसा ढोलीतच झोपायची का?" मी आपलं सहज विचारलं.

"छे, ती अंडी घालायपुरती. दिवसा त्या वेलींच्या..." त्या थांबल्या. उघड्या पडलेल्या फांद्यांकडे बघत राहिल्या. "उघड्यावर बसली म्हणून कावळे टोचत होते गं त्यांना. मला वाटलं, भांडतायत." आणि घळाघळा रडल्या. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

तेव्हापासून ढोलीसमोरची जागा तेवढी त्या मोकळी ठेवत, घुबडांना उंदीर दिसायला हवा ना! मागची वेली-झुडपांची जाळी मात्र वाढू दिली. साहेब म्हणाले, "आजी, इकडचं राहिलं की!"

"राहू द्या," आई म्हणाल्या. आईंच्या तोंडून 'राहू द्या'! मी जन्मात ऐकलं नव्हतं.

वेलींना वेळ लागला. वर्ष गेलं, दुसरं सरत आलं. आई रोज मान वर करून बघायच्या आणि तशाच घरी यायच्या. मग एका संध्याकाळी दारातूनच ओरडल्या, "आली गं, आली! दोघं! जाळीत एकमेकांना चिकटून बसलीत!" हसत होत्या, डोळे पुसत होत्या. त्या दिवशी चहाचे कप कुणी विसळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन आले, तर माझ्या कोपऱ्यापुढे दोरी आणि दोरीवर जुन्या चादरीचा पडदा. आत चिंध्या, झगे, गुंता, सगळं जिथल्या तिथे.

"आई, हे काय?"

"काही नाही. आत मी हात लावणार नाही. पण पडद्याबाहेर एक चिंधी दिसली ना, तर बघ!"

मी आत शिरले आणि मन भरेस्तोवर पसारा केला.