'विपुल फुटवे'

सुकुमार मगदूमला आपल्या स्लाईडांचा भारी अभिमान. सांगलीचा हा गडी उसाच्या रोगांवर संशोधन करायचा, पण प्रयोगशाळेपेक्षा कॅमेऱ्यातच जास्त रमायचा. बायको गुणमाला चिडवायची, "आवं, लग्नात माझा एक फोटू धड न्हाई, आन उसाचं बघा!"

१९७४ सालची गोष्ट. इस्लामपूरजवळच्या एका गावात, शाळेच्या खिडक्यांना पोती लावून त्यानं उसाच्या एका रोगाच्या स्लाईडा दाखवल्या. आधी आकड्यांचे तक्ते आले आणि लोक पेंगायला लागले. मग आलं 'गवताळ वाढ' या त्या रोगानं धरलेल्या उसाचं बेट. दाट, पोपटी, कोवळ्या उन्हात टिपलेलं. खाली सुकुमारच्या वळणदार अक्षरात 'विपुल फुटवे'. बुडातून जितके फुटवे फुटतील तितके ऊस; ऊसवाल्याच्या कानाला याहून गोड शब्द नाही. टाळ्याच पडल्या!

"सायेब, ह्याचं बेणं लावायला कुठं मिळंल?" कुणीतरी विचारलं.

"कशाला लांब जाता?" मिशीवर ताव देत नाथाजी उठला. पलटणीतून सुभेदार होऊन आलेला माणूस. त्याचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे. "माझ्या मळ्यात असली बेटं लय हायत. दसऱ्यानंतर साऱ्या गावाला बेणं माझंच."

"सुभेदार, तो रोग आहे! त्याला ऊस धरतच नाही."

"रोगानं पीक मरतं, सायेब. हे तर वाढतंय!"

सगळे हसत बाहेर पडले.

सुकुमारच्या देखण्या फोटोपायी गावभर रोगच लावला जाणार होता. पण हातपाय गाळणारा तो नव्हे. चूक कुठं झाली ते त्यानं घरी पोचायच्या आत ओळखलं होतं. त्यानं तक्ते काढून टाकले. एका तयार फडातलं एक निरोगी आणि एक रोगट बेट मुळापासून कापलं, पोत्यावर शेजारी शेजारी ठेवलं आणि फोटो घेतला. एकाखाली लिहिलं 'ऊस', दुसऱ्याखाली 'वैरण'.

"वैरण हा काय शास्त्रीय शब्द झाला?" वरिष्ठ कुरकुरले.

"शास्त्र मी तोंडानं सांगतो, साहेब. पडद्यावर वैरणच राहील."

दसऱ्याच्या आधी तो पुन्हा त्याच शाळेत गेला आणि सुरुवातीलाच ती स्लाईड लावली. डावीकडं मनगटाएवढ्या जाड उसांची मोळी, उजवीकडं नुसता गवताचा भारा. नाथाजी उठला. त्याची सावली पडद्यावर पडली, तरी तो बाजूला झाला नाही. गावाला दिलेला शब्द गावासमोर मागं घेणं त्याच्यासारख्याला फार जड होतं.

"गड्यांनो," तो म्हणाला, "माझ्या मळ्यातलं एक कांडं कुणी न्हेऊ नका. वैरण हाय ती."

पुढच्या स्लाईडा सुकुमारनं लावल्याच नाहीत.